प्राथमिक जर्मन शिकताना मराठीचा आधार : वर्गातले अनुभव आणि काही शंका

मुठाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर या जूनपासून मी पुण्यात जर्मनच्या ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, वर्गाला जाऊ लागले आहे. लेक आणि जावई श्टुटगार्टला राहतात, नात तिथल्या बालवाडीत जाते आणि फोनवर निम्मे शब्द जर्मन बोलते, हे त्याचे मुख्य कारण. पण कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावरून जाता-येता रानडे इन्स्टिट्यूटच्या फाटकातून परकीय भाषांच्या वह्या घेऊन बाहेर पडणारी मुले मी पाहत असे, आणि तेव्हा मनात राहून गेलेली इच्छा आता पुरी करावी असेही वाटले.

वर्गात बहुतेक जण तिशीच्या आतले आहेत. बाई शक्यतो जर्मनमधूनच शिकवतात आणि अगदीच अडले तर इंग्रजीचा आधार घेतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आकडे शिकवले आणि लगेच श्रुतलेखन घेतले. त्या किमती वाचत होत्या आणि आम्ही त्या अंकात लिहायच्या होत्या. ‘फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश’ असे त्यांनी म्हटले की माझ्या शेजारचा मुलगा आधी ५ लिहायचा आणि मग त्याच्या डावीकडे कसाबसा २ बसवायचा, कारण त्याच्या डोक्यात तो आकडा ‘ट्वेंटी-फाइव्ह’ असा होता. मला मात्र त्या शब्दात सरळ पंचवीस ऐकू येत होते : आधी पाच, मग वीस. एकवीस, चौतीस, अडुसष्ट हे आपले सगळे आकडे त्याच चालीचे आहेत, आणि ही गोष्ट इतकी वर्षे पाढे शिकवूनही माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

वीसपैकी माझे अठरा आकडे बरोबर आले. जे दोन चुकले, तेही मराठीमुळेच चुकले. ‘नॉइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणजे नऊ आणि वीस, म्हणजेच २९. पण नऊ आणि वीस एकत्र ऐकताच माझ्या हातून एकोणीस लिहिले गेले. तसेच ५९ च्या जागी ४९ झाले. आपण एकोणतीस, एकोणसाठ असे पुढच्या दशकातून एक वजा करतो आणि जर्मन माणूस करत नाही, हे मग घरी येऊन कागदावर मांडल्यावर कळले. ९९ ला मात्र आपणही नव्व्याण्णव म्हणतो, तिथे दोन्ही भाषा पुन्हा एका वाटेवर येतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा केवढा वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांच्याकडून कळले की जर्मनीतही आकडे ‘वीस-एक’ याच क्रमाने म्हणण्याची मुभा असावी असा आग्रह धरणारी एक संस्था आहे आणि तिचे नावच ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे वीस-एक, असे आहे. दोन इतक्या दूरच्या समाजांतल्या लहान मुलांना एकाच ठिकाणी ठेच लागावी, याचे मला फार नवल वाटले.

माझी शंका अशी आहे. बाईंचा आग्रह आहे की वहीत मराठी लिहू नये आणि मनात भाषांतर करू नये. पण मला तर इंग्रजीपेक्षा मराठीतूनच जर्मन अधिक लवकर उमगते असे वाटते. येथे जर्मन शिकलेले किंवा शिकवणारे कोणी असतील, तर मराठीचा आधार कुठे घ्यावा आणि कुठे टाळावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

---

शब्दसखी

मुठाकाठताई, धागा वाचून आनंद झाला. मी बरीच वर्षे नवशिक्यांना जर्मन शिकवते. आपल्या बाईंचा आग्रह चुकीचा नाही. त्यामागचे कारण आधी सांगते. ए-१ च्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात, आणि १०० पैकी किमान ६० गुण मिळवावे लागतात. ऐकण्याच्या भागात रेल्वेस्थानकावरची घोषणा एकदाच ऐकवतात. प्रत्येक शब्द मनात मराठीत आणत बसणारा विद्यार्थी पहिल्या वाक्यावर असतो तेव्हा घोषणा संपलेली असते. त्यामुळे कानाला जर्मनचीच सवय लागावी यासाठी आम्ही वर्गात जर्मन धरून ठेवतो.

पण व्याकरण समजून घेणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मराठी माणसाने इंग्रजीच्या दारातून आत जाण्याचे काहीच कारण नाही. लिंगाचेच पाहा. डेअर, डी, डास ही तीन आर्टिकले ऐकून इंग्रजी माध्यमातून आलेली मुले घाबरतात, हिंदीभाषक विद्यार्थी तिसऱ्या लिंगापाशी अडतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. निर्जीव वस्तूला लिंग का असावे, हा प्रश्नच मराठी मुलाला पडत नाही. तो चमचा, ती सुरी, ते ताट हे त्याने घरीच शिकलेले असते. डास बूख म्हणजे ते पुस्तक, डास हाउस म्हणजे ते घर, डास किंट म्हणजे ते मूल, डास वासर म्हणजे ते पाणी, अशा काही जोड्या तर नेमक्या जुळतात. मात्र या जुळणीवर विसंबू नये. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे, टेबल पुल्लिंगी आहे आणि दार स्त्रीलिंगी. कल्पना मराठीतून घ्यावी, पण प्रत्येक नाम आर्टिकलसकटच पाठ करावे.

‘मुलगी’ या अर्थाचा मेट्शेन हा शब्द नपुंसकलिंगी कसा, असे प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच, आणि ‘अपवाद आहे’ एवढ्यावर बहुधा बोळवण होते. तो अपवाद नाही. शेवटी ‘-शेन’ हा लघुत्वाचा प्रत्यय आला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होते. मी वर्गात लेकरू, वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू हे शब्द फळ्यावर लिहिते आणि त्यांचे लिंग विचारते. सगळी ‘ते’. लहानपण आणि नपुंसकलिंग यांची ही सांगड आपल्या कानाला इतकी ओळखीची आहे की त्यानंतर मेट्शेन कोणी चुकत नाही.

आता विभक्ती. जर्मनमध्ये चारच आहेत : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. ज्याने शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला आहे त्याला नॉमिनाटिव्ह, आक्कुझाटिव्ह, डाटिव्ह ही नावे परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे घोडा या शब्दाचे सामान्यरूप होऊन ‘घोड्याला’ होते. जर्मनमध्ये नाम बहुधा तसेच राहते आणि बदल आर्टिकलमध्ये होतो : डेअर, डेन, डेम.

आणि नेमके इथेच मराठी दगा देते, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा. आपल्या द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय जवळजवळ सारखे आहेत. ‘मी त्या माणसाला पाहते’ आणि ‘मी त्या माणसाला पुस्तक देते’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘माणसाला’ असेच म्हणतो. जर्मनमध्ये पाहण्याच्या वाक्यात ‘डेन मान’ येते आणि देण्याच्या वाक्यात ‘डेम मान’. मराठी कानाला हा फरक ऐकू येत नाही, तो बुद्धीने करावा लागतो. माझा उपाय असा : ज्याच्या हाती काही पडते, ज्याला मदत होते, ज्याचे आभार मानले जातात, ज्याला काही आवडते, तो चतुर्थीत.

दुसरी जागा ‘शाळेत’ या शब्दासारखी. ‘मुलगी शाळेत जाते’ आणि ‘मुलगी शाळेत आहे’ या दोन्हींत आपली सप्तमी तीच. जर्मनमध्ये जाणे असेल तर ‘इन डी शूले’, म्हणजे द्वितीया, आणि असणे असेल तर ‘इन डेअर शूले’, म्हणजे चतुर्थी. आपण दोन्हीकडे ‘कुठे’ असेच विचारतो. जर्मन माणूस जाण्यासाठी ‘व्होहिन’ आणि असण्यासाठी ‘व्हो’ असे दोन वेगळे प्रश्न विचारतो. माझ्या अनुभवात मराठी विद्यार्थ्यांच्या सर्वांत चिवट चुका या दोन ठिकाणी होतात, आणि त्या इंग्रजीतून समजावल्या तर सुटत नाहीत, कारण चूक मराठीतून आलेली असते. ती मराठीतूनच दाखवावी लागते.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपण स्वतः शिक्षिका आहात. फ्रान्त्स बोप याने १८१६ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतल्या क्रियापदांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया तिथून घातला गेला. ‘आहे’ या अर्थाचे जर्मन ‘इस्ट’ आणि संस्कृत ‘अस्ति’, अनेकवचनी ‘झिंट’ आणि ‘सन्ति’ ही सख्खी भावंडे आहेत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एवढेच लिहिते. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते, त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्याने उतरतो.

---

कृष्णाकाठची_लेक

मी परिचारिका आहे, मूळची सांगलीची. जर्मनीतल्या रुग्णालयात नोकरी करण्यासाठी बी-२, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत शिकणे आवश्यक असल्याने गेले वर्षभर तोच अभ्यास सुरू आहे. शब्दसखी मॅडमनी चतुर्थीबद्दल लिहिले आहे, त्याला माझा एक अनुभव जोडते.

ए-१ च्या वर्गात एकदा पंखा जोरात होता म्हणून मी ‘इश बिन काल्ट’ असे म्हणाले. इंग्रजीत ‘आय अॅम कोल्ड’ म्हणतात, त्याचा तो शब्दशः अनुवाद होता. सरांनी थांबवून सांगितले की याचा अर्थ ‘मी थंड स्वभावाची, कोरडी बाई आहे’ असा होतो. ‘मिअर इस्ट काल्ट’ असे म्हणायचे. मिअर म्हणजे ‘मला’. मला थंडी वाजते. मी जर मराठीतून विचार केला असता तर ही चूक झालीच नसती. त्या दिवशी घरी जाऊन मी रुग्णांच्या तोंडची वाक्ये लिहून काढली. मला मळमळते : मिअर इस्ट यूबेल. मला चक्कर येते : मिअर इस्ट श्विन्डलिश. मला हे आवडते : डास गेफेल्ट मिअर. शरीराला आणि मनाला जे होते ते आपल्याकडेही ‘मी’ करत नाही, ते ‘मला’ होते. आमच्या व्यवसायात दिवसभर हीच वाक्ये लागतात, आणि ती मला एका संध्याकाळी पाठ झाली.

जोडशब्दांबद्दलही सांगावेसे वाटते. लांबलचक जर्मन शब्द पाहून सुरुवातीला छातीत धस्स होते, पण ते आपले समासच आहेत. क्रांकेनहाउस म्हणजे आजाऱ्यांचे घर, आपल्या रुग्णालयासारखाच सरळ तत्पुरुष. तत्पुरुषात दुसरे पद प्रधान असते, तसेच जर्मनमध्ये शेवटच्या पदाचे लिंग सगळ्या शब्दाला लागते, म्हणून हाउस नपुंसकलिंगी तर क्रांकेनहाउसही नपुंसकलिंगी. आपण हाताचे मोजे म्हणतो, ते हाताचे बूट म्हणतात : हांटशू.

शिकणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना : जुन्या पुस्तकांत परिचारिकेला ‘क्रांकेनश्वेस्टर’ असा शब्द असतो. २०२० पासून नव्या कायद्याप्रमाणे आमच्या पदाचे नाव ‘फ्लेगेफाखफ्राउ’ असे आहे. मुलाखतीत हाच शब्द वापरावा.

---

सह्यकडा

वरचे सर्व मान्य करून उच्चारांविषयी थोडी वेगळी बाजू मांडतो. मी पहिले दोन महिने वहीत प्रत्येक जर्मन शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहीत असे, आणि त्या सवयीने माझे बरेच नुकसान झाले. ‘मी’ या अर्थाचा शब्द मी ‘इश’ असा लिहिला आणि तसाच बोलू लागलो. प्रत्यक्षात तो आवाज श आणि ह यांच्या मधला आहे, जीभ ‘ई’च्या जागी ठेवून हलका श्वास सोडल्यासारखा. तो सुधारायला नंतर सहा महिने लागले. ओठ ‘ऊ’सारखे गोल करून आतून ‘ई’ म्हणायचा जो स्वर आहे, त्यालाही आपल्या लिपीत अक्षर नाही. या धाग्यावर आपण देवनागरीत लिहीत आहोत ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. वहीत मात्र रोमन लिपीच असावी आणि उच्चार कानाने घ्यावा.

एका बाबतीत मात्र मराठी जिभेला जन्मजात देणगी आहे. जर्मन ‘झेड’ हे अक्षर ‘त्स’ असे उच्चारतात आणि इतर प्रांतांतले माझे सहाध्यायी त्यासाठी धडपडत. आपल्या ‘चूल’, ‘चाक’, ‘चोर’ या शब्दांतला च म्हणजे तोच आवाज आहे. आगगाडीला ‘त्सूक’ म्हणतात. चुलीतला च घेऊन ‘चूक’ म्हटले की झाले. फक्त तो चुलीतला आहे की चिंचेतला, हे मनाशी पक्के असावे.

---

नेकारतीर

मी बारा वर्षे श्टुटगार्ट परिसरात राहतो, त्यामुळे मुठाकाठताईंच्या लेकीचेच गाव. व्याकरणावर जाणकारांनी लिहिले आहेच. मी वर्गात ‘संस्कृती’ म्हणून जे शिकवतात त्याबद्दल लिहितो.

आमच्या वर्गात प्रत्येक धड्याच्या शेवटी संस्कृतीची एक चौकट असे : रविवारी दुकाने बंद असतात, वक्तशीरपणा महत्त्वाचा असतो, बाटल्या परत केल्या की पैसे मिळतात. ती आम्ही वाचत असू आणि पान उलटत असू. इथे आल्यावर कळले की संस्कृती त्या चौकटीत नव्हती, ती आधीच्या व्याकरणातच होती. उदाहरणार्थ ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजीत हा भेद नसल्याने त्यावर वर्गात तासभर चर्चा झाली, पण मराठी माणसाला तू आणि तुम्ही कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. शेजारच्या काकूंना, दुकानदाराला, डॉक्टरांना झी. आई, आजी आणि देव यांना डू, आणि आपणही आईला, आजीला आणि विठ्ठलाला तू असेच म्हणतो. तेव्हा नात आजीला डू म्हणाली तर ताईंना ते मुळीच खटकू नये. फरक आहे तो वडिलांच्या बाबतीत. अनेक मराठी घरांत बाबांना ‘अहो’ म्हणतात, इथे तेही डू. आणि एक खबरदारी : झी वरून डू वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने मांडायचा असतो.

दुसरे उदाहरण वेळेचे. ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. जर्मन माणूस तिसऱ्या तासाचा अर्धा भाग झाला असे म्हणतो. आपला ‘अडीच’ हा शब्दही संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा, हिशेब तोच. पण पुढे आपण साडेतीन, साडेचार असे मागच्या तासावर अर्धा चढवतो आणि तिथे दोन्ही भाषांची फारकत होते. साडेतीन म्हणजे ‘हाल्ब फिअर’, आणि फिअर म्हणजे चार. याशिवाय आमच्या श्वाबेन भागात पावणेतीनला ‘ड्रायफिअर्टेल ड्राय’ म्हणतात, तिसऱ्या तासाचे तीन चतुर्थांश. वर्गात हे शिकवत नाहीत, पण इथल्या बसथांब्यावर आजोबा तसेच बोलतात.

शब्दही गावोगाव बदलतात. पुस्तकातला पाव ‘ब्र्योटशेन’ असतो, तोच आमच्याकडे ‘वेकले’, बव्हेरियात ‘झेमेल’ आणि बर्लिनमध्ये ‘श्रिपे’. कोल्हापूर, नागपूर आणि मालवण यांची मराठी ज्याने ऐकली आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

ताई, इथे येणार असाल तर ‘केअरवोखे’ हा शब्द आधी शिकून घ्यावा. जिना आणि दारापुढची जागा झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे येते आणि त्याची पाटी आपल्या दारावर लटकवली जाते. माझ्या पहिल्याच महिन्यात ती पाटी माझ्या दारावर आली, मला अर्थ कळला नाही, आणि आठवडाभर जिना तसाच राहिला. समोरच्या आजींनी काहीही न बोलता तो स्वतः झाडला. मला जेव्हा कळले तेव्हा इतके ओशाळल्यासारखे झाले की पुढची पाळी नसतानाही मी झाडू घेतला. त्या दिवसापासून त्या आजी माझ्याशी बोलू लागल्या आणि माझे खरे जर्मन त्यांच्याकडून आले.

आणि जमल्यास नोव्हेंबरात यावे. ११ तारखेच्या सुमारास बालवाडीतली मुले संत मार्टिनच्या नावाने हाताने केलेले कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत निघतात. नातीच्या हातातही एक असेल.

---

मुठाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. शब्दसखीताई, आपली ‘लेकरू, वासरू’ची यादी मी वर्गात बाईंना दाखवली. त्यांनी ती फळ्यावर लिहू दिली आणि तासाचा शेवट पहिल्यांदाच मराठीत झाला.

एक गोष्ट माझीही सांगते. बोलण्याच्या परीक्षेत चित्राची चिठ्ठी उचलून त्यावरून विनंती करायची असते. मला पाण्याची बाटली आली. मी ‘मला पाणी द्या’ याचे सरळ जर्मन केले. बाई म्हणाल्या, व्याकरण बरोबर, पण ऐकायला हुकूम वाटतो, ‘बिटे’ कुठे आहे? मला क्षणभर वाईट वाटले, कारण आपण घरात ‘कृपया’ म्हणत नाही आणि म्हणून उद्धटही नसतो. मग लक्षात आले की आपली विनंती क्रियापदात आणि प्रश्नात असते : ‘जरा पाणी देता का?’ तो ‘देता का’ धरून मी पुन्हा म्हटले, ‘क्योनेन झी मिअर बिटे आइने फ्लाशे वासर गेबेन?’ ‘जरा’च्या जागी ‘बिटे’ बरोबर बसला. बाईंनी मान डोलावली.

नेकारतीर, आपण लिहिलेली वेळेची गोष्ट मी आठवडाभर आधी वाचायला हवी होती. गेल्या रविवारी नातीला मी मोठ्या हौसेने जर्मनमध्ये सांगितले की ‘हाल्ब फिअर’ला फोन करते, आणि माझ्या मनात साडेचार होते. लेकीने नंतर सांगितले की ती साडेतीनपासून फोनजवळ बसून होती, चित्रे काढत. ती चित्रे तिने मग मला एकेक करून दाखवली, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचे आर्टिकल तीच मला शिकवत होती. या रविवारी फोन अडीचला ठरला आहे, त्यांच्या घड्याळात. हाल्ब ड्राय.